पथारी

नंदुरबारहून सकाळच्या एसटीने बर्फाचा डबा येतो.
कंडक्टरला वाटतं, मासे.
आत चार नळ्या, चिकटपट्टीवर निळ्या शाईत:
कलाबाई बोरसे, वय चौतीस, मिरची निवडणे.

थंडीत तिच्या गावाबाहेरची जमीन लाल असते.
एकरभर पथारी, कडेला उकिडव्या बायका,
तोंडाला फडकं, हाताला गोडंतेल.
देठ खुडायचं, पांढरी पडलेली वेगळी, सडकी वेगळी.
तिच्या गालांवर लाली उमटली
तेव्हा सगळ्या म्हणाल्या, मिरची लागली.
नाकाच्या दोन्ही बाजूंना, पाखराने पंख टेकवावेत तशी.
मग बोटांची पेरं सुजली. मग उशीवर केस.
मग लघवीला फेस.
चौदा महिने मिरचीच्या नावावर गेले.

धुळ्याला, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे एक यंत्र आहे.
तेही निवडतं.
पेशींना रंगाची खूण लावून
लेझरपुढून सोडायचं, एका थेंबात एक.
बी पेशी डावीकडे, बाकीच्या सांडपाण्यात.
शंभर बायकांचा दिवस ते मिनिटात उरकतं
आणि लाइट गेली की रुसतं.

वर्गात मी सांगते:
बी पेशी हाडाच्या पोकळीत जन्मते,
आणि जनुकांचे तुकडे फाशांसारखे टाकून
स्वतःचा हात घडवते, आंधळेपणाने.
कुणाचा हात गोवरावर बसेल, कुणाचा कशावरच नाही,
कुणाचा घरच्याच गळ्यावर.
अशींना तिथेच अडवतात. हात बदलायला लावतात,
नाहीतर मारतात, नाहीतर गुंगीत ठेवतात.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, सुटल्या तर?
सुटतातच, मी म्हणते. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत.
झोपलेल्या.
इथे मी दरवर्षी खडू खाली ठेवते.

ओपीडीच्या बाकावर तिने विचारलं होतं,
"मन्हं रगत मन्हावरच काबर उठनं?"
ओळखण्यात चूक होते, मी म्हणाले.
"भाऊ भाऊले वळखस नही, तसं?"
मी हो म्हणाले. नोंदवहीत ते खोटं ठरेल.
त्या पेशी तिला ओळखतात, घट्ट ओळखतात,
तिच्या पेशींच्या गाभ्यातला धागादेखील.
इतकं तर तिला कुणीच ओळखलं नसेल.

औषध सलाईनमधून, सहा तास.
पंधरा दिवसांनी पुन्हा सहा.
पडद्यावर जिथे ठिपक्यांचा ढग असायचा
तिथे कोरा चौकोन.
सूज उतरली. तिने कागद उलटासुलटा पाहिला:
"मंग आते मझार कोन शे?"
दुसरे पहारेकरी आहेत, मी म्हणाले,
पण ताप आला तर घरी बसू नका.

सातव्या महिन्यात ठिपके परतले.
अकरा रुग्णांपैकी सर्वांत आधी तिचे.
नवे, कोरे, काही न शिकलेले;
आणि त्यांच्यात तीन असे
की हाताची अक्षरं जुनीच, एकही न बदललेली.
कुठे लपले होते? प्लीहेत? मज्जेत?
मार्चअखेर अहवाल द्यायचा आहे.
आलेखावर तिचा ठिपका रेघेपासून दूर पडतो
आणि मार्गदर्शक म्हणतात, तो वगळून बघा.

या वेळी नळ्या घ्यायला मीच गेले.
मुकादमाने तिला ताडपत्रीखाली जागा दिली आहे,
पूर्ण बाह्या, डोक्यावर दुहेरी पदर.
ढीग वरून सगळा सारखा लाल.
आत बुरशी धरलेली कशी कळते, मी विचारलं.
तिने दोन मिरच्या माझ्या कानाशी हलवल्या,
आधी एक, मग दुसरी.
"आयक."

मला दोन्ही सारख्याच वाजल्या.
तोवर तिने एक फेकून दिली होती
आणि बाही वर सारत होती,
शीर दिसेपर्यंत.